भिवंडी तालुक्यातील उष्णोदके आणि तापमानाची जुनी मापे : रूपांतराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागात तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे वसलेली आहेत. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी केलेला नवस आणि १७३९ च्या विजयानंतर बांधले गेलेले वज्रेश्वरीचे मंदिर यांमुळे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हा परिसर परिचित आहे. गरम पाण्याच्या कुंडांमुळे तो भाविकांना, त्वचाविकारांवर उतारा शोधणाऱ्यांना आणि भूवैज्ञानिकांनाही तितकाच परिचित आहे.

कोकणातील अशा झऱ्यांच्या लेखी नोंदी एकोणिसाव्या शतकापासून मिळतात. १८८२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याविषयीचे खंड याच वर्षी प्रसिद्ध झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेली भारतातील उष्ण झऱ्यांची सूचीही याच वर्षीची आहे. टॉमस ओल्डहॅम यांनी संकलित केलेली ही सूची त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र आर. डी. ओल्डहॅम यांनी पूर्ण केली. या काळातील शासकीय लेखनात तापमान फॅरेनहाइट मापात दिले जाई. आजची मोजमापे सेल्सिअस मापात असतात. जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवायची, तर एकीचे दुसरीत रूपांतर करणे भाग पडते.

हे काम शालेय गणितातील एका सूत्राने भागते, असा सर्वसाधारण समज आहे. सूत्राविषयी वाद नाही. मात्र सूत्रात घातली जाणारी संख्या ही एक ऐतिहासिक नोंद असते. ती कोणी, कोणत्या उपकरणाने, कोठे व किती काटेकोरपणे केली, हे प्रश्न दस्तऐवजाइतकेच तिलाही विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात तापमानाच्या प्रमुख जुन्या मापांचा परिचय, पश्चिम भारतातील नोंदींची परंपरा आणि रूपांतर करताना पाळावयाची पथ्ये यांचा विचार भिवंडी परिसराच्या संदर्भात केला आहे.

मापांची घडण

उष्णता मोजण्याचे उपकरण आधी आले आणि सर्वमान्य माप पुष्कळ उशिरा आले. सतराव्या शतकातील तापमापकांवरील खुणा प्रत्येक कारागिराच्या मर्जीप्रमाणे असत. एका तापमापकावरील दहा अंश दुसऱ्यावर किती, याला उत्तर नव्हते. निसर्गात नेहमी एकाच तापमानाला घडणाऱ्या दोन घटना निवडायच्या आणि त्यांमधील अंतराचे समान भाग पाडायचे, ही कल्पना स्थिरावल्यावर मापाला अर्थ आला. अशा तापमानांना स्थिरबिंदू म्हणतात.

डान्झिग येथे १६८६ मध्ये जन्मलेल्या आणि हॉलंडमध्ये उपकरणे बनविणाऱ्या गाब्रिएल फॅरेनहाइट यांनी १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला आपली पद्धत कळविली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराच्या उष्णतेला ९६ असे त्यांचे तीन स्थिरबिंदू होते. पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ हा स्थिरबिंदू म्हणून पुढे रूढ झाला. हवेचा दाब बदलला की पाणी उकळण्याचे तापमानही बदलते. म्हणून रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १७७७ मध्ये पारा २९.८ इंचांवर असताना, वाफेत तापमापक धरून ही खूण करावी असे ठरले. ३२ आणि २१२ हे आधारबिंदू पक्के झाल्यावर शरीराचे तापमान ९६ वर न राहता ९८ च्या पुढे गेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील फॅरेनहाइट अंश आणि एकोणिसाव्या शतकातील फॅरेनहाइट अंश यांचे नाव एकच असले, तरी त्यांचे आधार तंतोतंत एक नव्हते.

फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी १७३० मध्ये मद्यार्काचा तापमापक सुचविला. गोठणबिंदूस मद्यार्काचे आकारमान १००० धरल्यास उकळत्या पाण्यात ते १०८० व्हावे, या हिशेबातून ८० हा आकडा आला. परंतु मद्यार्क पाण्याच्या आधीच उकळतो, आणि त्याचे प्रसरणही पाऱ्यासारखे नसते. त्यामुळे रेओम्यूर यांच्या मूळ उपकरणावरील वाचन आणि देलुक यांच्या प्रयत्नांनंतर रूढ झालेल्या ८० अंशांच्या पाऱ्याच्या तापमापकावरील वाचन सारखे येत नाही. स्वीडनमधील खगोलशास्त्रज्ञ आंदेर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांचे माप मांडले, पण त्यात उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० होते. आजचा क्रम थोड्याच वर्षांत रूढ झाला. लिआँ येथील क्रिस्तँ यांनी १७४३ मध्ये सुलट क्रमाचे माप स्वतंत्रपणे मांडले होते. रशियात दीर्घकाळ चाललेल्या देलील मापातही असाच उलटा क्रम आहे. त्यात उकळते पाणी शून्यावर आणि गोठणारे पाणी १५० वर येते. डेन्मार्कचे रोमर यांचे माप याहूनही जुने असून त्यात गोठणबिंदू साडेसात आणि उत्कलनबिंदू ६० मानला जाई. रोमर आणि रेओम्यूर या नावांचे देवनागरी लेखन निरनिराळ्या प्रकारे होत असल्याने या दोन मापांची गल्लत संभवते.

विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४८ मध्ये कोणत्याही द्रवाच्या प्रसरणावर अवलंबून नसलेल्या निरपेक्ष मापाची कल्पना मांडली. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने सेंटिग्रेड ऐवजी सेल्सिअस हे नाव स्वीकारले. २० मे २०१९ पासून केल्व्हिनची व्याख्या पाण्याच्या गुणधर्मावर नव्हे, तर बोल्ट्झमान स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावर आधारलेली आहे. या अलीकडील बदलांनी पडणारा फरक इतका सूक्ष्म आहे की इतिहासाच्या अभ्यासात तो दुर्लक्षिता येतो. एकोणिसाव्या शतकातील उपकरणे आणि निरीक्षणपद्धती यांच्यामुळे पडणारा फरक मात्र दुर्लक्षिता येत नाही.

पश्चिम भारतातील नोंदींची परंपरा

भिवंडीत एकोणिसाव्या शतकात कुलाब्यासारखी वेधशाळा नव्हती. त्यामुळे या परिसराच्या तापमानाचा इतिहास मुंबईतील नोंदी, जिल्हा प्रशासनाचे अहवाल आणि प्रवासी अधिकाऱ्यांची टिपणे यांतूनच जुळवावा लागतो. या तिन्ही साधनांची विश्वासार्हता सारखी नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणे पद्धतशीरपणे होऊ लागली. या कामात मराठी विद्वानांचा सहभाग प्रारंभापासून होता. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ वेधशाळेची जबाबदारी होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी अगदी तरुण वयात प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली येथेच निरीक्षणाचे धडे घेतले. छत्रे यांनी पुढे १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. एका परंपरेतील गणित दुसऱ्या परंपरेच्या उपयोगी पडावे म्हणून कोष्टके करणाऱ्या या गणितज्ञाची घडण अंशांची नोंद ठेवण्याच्या शिस्तीत झाली होती.

कुलाबा वेधशाळेच्याच इतिहासातील एक प्रसंग रूपांतराच्या प्रश्नावर प्रकाश टाकतो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर चुंबकीय निरीक्षणांत व्यत्यय येणार हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय निरीक्षणांसाठी अलिबागची जागा निवडण्यात आली. जुने ठिकाण एकदम बंद न करता १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. त्यामुळे एका ठिकाणच्या नोंदींची मालिका दुसऱ्या ठिकाणच्या मालिकेशी जोडता आली. येथे विषय चुंबकत्वाचा असला तरी तत्त्व तापमानालाही लागू पडते. दोन मालिका जोडण्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे काही काळ केलेले समांतर निरीक्षण होय. असे निरीक्षण नसेल, तर अभ्यासकाच्या हाती सूत्र उरते आणि सूत्रापलीकडील फरक त्याला इतर पुराव्यांवरून अजमावावे लागतात.

प्रवासी अधिकाऱ्यांमध्ये कर्नल विल्यम साइक्स यांचे काम विशेष उल्लेखनीय आहे. मुंबई सरकारच्या सांख्यिकी सर्वेक्षणासाठी दख्खनमध्ये फिरताना त्यांनी हवामानाच्या नोंदी ठेवल्या आणि १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला. साध्या तापमापकाने पाण्याचा उत्कलनबिंदू मोजून ठिकाणाची उंची काढण्याच्या पद्धतीवरही त्यांनी लेखन केले. समुद्रसपाटीपासून वर जाताना सुमारे साडेपाचशे फुटांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू एक फॅरेनहाइट अंशाने उतरतो. म्हणजे तापमापकात एका अंशाची चूक असेल, तर सह्याद्रीतील एखाद्या घाटमाथ्याची उंची पाच-साडेपाचशे फुटांनी चुकते. तापमापक हे त्या काळी भूगोलाचेही साधन होते आणि त्याची अचूकता किती महत्त्वाची आहे याची जाणीव निरीक्षकांना होती.

प्रवासी इंग्रज नसेल, तर मापाचा प्रश्न आणखी नाजूक होतो. १८३२ मध्ये मुंबईत निधन पावलेले फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व्हिक्तोर झाकमों यांच्यासारख्यांच्या टिपणांचा उपयोग करताना प्रथम माप कोणते हे निश्चित करावे लागते. युरोपातील देशांत त्या काळी फॅरेनहाइट, रेओम्यूर आणि शंभर भागांचे माप ही तिन्ही वापरात होती, आणि खासगी पत्रात लिहिणारा माणूस पुष्कळदा मापाचे नाव लिहीत नाही.

सूत्रे आणि त्यांचा वापर

प्रचलित मापांची रूपांतरे पुढीलप्रमाणे आहेत.

फॅरेनहाइटवरून सेल्सिअस : संख्येतून ३२ वजा करून येणाऱ्या संख्येस ५ ने गुणावे व ९ ने भागावे.
रेओम्यूरवरून सेल्सिअस : संख्येस ५ ने गुणून ४ ने भागावे.
रोमरवरून सेल्सिअस : संख्येतून ७.५ वजा करून ४० ने गुणावे व २१ ने भागावे.
देलीलवरून सेल्सिअस : संख्येच्या दोनतृतीयांश भाग १०० मधून वजा करावा.
सेल्सिअसवरून केल्व्हिन : २७३.१५ मिळवावे.

मापाचे नाव नसलेली संख्या समोर आल्यास संभाव्यतेची कसोटी लावता येते. समजा, कोकणातील मे महिन्याच्या दुपारच्या हवेविषयी एखाद्या टिपणात केवळ '३४' असे लिहिले आहे. हे फॅरेनहाइट असेल तर तापमान १.१ अंश सेल्सिअस होईल, आणि कोकणात ते अशक्य आहे. शंभर भागांचे माप असेल तर ३४ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. रेओम्यूर असेल तर ४२.५ अंश होतील. किनाऱ्याजवळ ते विरळ, पण भिवंडी-शहापूरच्या अंतर्भागात कडक उन्हाळ्यात अगदी अशक्य म्हणता येणार नाही. ही कसोटी फॅरेनहाइटला सहज वगळते, परंतु उरलेल्या दोन मापांमधील निवड तिला नेहमी करता येत नाही.

उष्ण झऱ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण झऱ्याच्या पाण्याला हवेसारखी परिचित मर्यादा नसते. एखाद्या जुन्या टिपणात झऱ्याचे तापमान '४०' असे आढळले, तर रेओम्यूर मापाने ते ५० अंश सेल्सिअस होते आणि शंभर भागांच्या मापाने ४० अंशच राहते. कोकणातील झऱ्यांच्या बाबतीत दोन्ही आकडे संभवनीय आहेत. रेओम्यूरमधील नोंद सेल्सिअस समजून वाचली आणि आजचे मोजमाप ५० अंश आले, तर झरा दहा अंशांनी तापला असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात झऱ्यात काहीच बदल झालेला नसेल.

तापमान आणि तापमानातील फरक

रूपांतरातील सर्वांत सामान्य चूक तापमान आणि तापमानातील फरक यांच्यात भेद न केल्याने होते. 'दिवस व रात्र यांच्या तापमानात २० अंशांचा फरक पडतो' असे जुन्या फॅरेनहाइट अहवालात असेल, तर तो फरक ११.१ अंश सेल्सिअस आहे. येथे ३२ वजा करावयाचे नसतात, कारण फरक काढताना शून्याची जागा आपोआप गळून पडते. सूत्र सरसकट वापरल्यास उत्तर उणे ६.७ येते. उणे चिन्ह आले की चूक लगेच लक्षात येते. पण फरक ४० फॅरेनहाइट अंशांचा असेल, तर २२.२ ऐवजी ४.४ असे उत्तर येते. ते दिसायला निरुपद्रवी असल्याने तसेच छापले जाण्याचा संभव असतो.

संख्येतील खोटी अचूकता

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. जुन्या नोंदीत झऱ्याचे तापमान १३० अंश फॅरेनहाइट असल्यास सूत्राने ५४.४ अंश सेल्सिअस येतात. दशांश चिन्हानंतरचा आकडा पाहून वाचकाला वाटते की मोजमाप एक-दशांश अंशापर्यंत केले होते. निरीक्षकाने पाच-पाच अंशांच्या खुणा असलेल्या तापमापकावर जवळची खूण लिहिली असेल, तर खरे तापमान १२७.५ ते १३२.५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. सेल्सिअसमध्ये हा पट्टा सुमारे ५३ ते ५६ असा होतो. अशा नोंदीचे प्रामाणिक रूपांतर 'सुमारे ५४ अंश, दीड अंश कमीअधिक' असे लिहिले पाहिजे. एखाद्या सूचीतील बहुतेक संख्या शून्य किंवा पाच या अंकांनी संपत असतील, तर निरीक्षकांनी संख्या गोळाबेरीज केल्याचा तो पुरावाच समजावा.

या खोट्या अचूकतेचे सर्वपरिचित उदाहरण प्रत्येक घरात आहे. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिक यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या तापमानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निरोगी शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस मानले. ही गोळाबेरीज संख्या फॅरेनहाइटमध्ये नेली की ९८.६ होते. दशांशासह आलेल्या या आकड्याला पुढे नियमाचे स्थान मिळाले आणि ९९ झाले की ताप आला असे मानण्याची सवय लागली. १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांचे सरासरी तापमान ९८.२ आढळले आणि व्यक्तीनुसार व दिवसाच्या वेळेनुसार त्यात फरक पडतो हेही दिसले. महाराष्ट्रात आजही हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये ऐकले जाते, पण अंगातला ताप 'एकशे दोन' असाच सांगितला जातो. त्या वेळी मापाचे नाव कोणी घेत नाही आणि घ्यावेही लागत नाही. शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला मात्र ते नाव शोधावे लागेल.

दशमान पद्धतीच्या स्वीकाराचा अनुभव या संदर्भात आठवण्याजोगा आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत होते. पाव पैसा अस्तित्वात नसल्याने आण्याचे सहा नवे पैसे आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे अशी कोष्टके वापरली गेली. चार वेळा स्वतंत्रपणे दिलेला एकेक आणा चोवीस पैशांचा, तर एकदम दिलेले चार आणे पंचवीस पैशांचे होत. रूपांतर आधी करून मग बेरीज करणे आणि बेरीज आधी करून मग रूपांतर करणे यांतील भेद सामान्य माणसाने बाजारात अनुभवला. तापमानाच्या सरासरीलाही हाच नियम लागतो. सर्व हिशेब मूळ मापात करून अगदी शेवटी एकदाच रूपांतर करावे आणि पूर्णांकनही शेवटीच करावे. भारतात १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर हवामानाच्या शासकीय नोंदींतही फॅरेनहाइटची जागा सेल्सिअसने घेतली. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावरून जाणारी कोणतीही तापमानमालिका तपासताना हा सांधा कोठे आहे, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

उपकरण आणि आडोसा

काही फरक कोणत्याही सूत्रात सामावत नाहीत. तापमापकाची काच वर्षानुवर्षे किंचित आकुंचन पावते आणि त्यामुळे पारा वर सरकतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जूल यांनी एकाच तापमापकाचा गोठणबिंदू १८४४ पासून १८८२ पर्यंत वेळोवेळी तपासला. त्या काळात तो जवळजवळ एक फॅरेनहाइट अंशाने वर चढला होता. दर वर्षी बर्फात बुडवून न तपासलेला जुना तापमापक थोडे अधिक तापमान दाखवितो, असा याचा अर्थ आहे. बर्फ सहज मिळत नसलेल्या तालुक्याच्या गावी अशी तपासणी किती वेळा होत असेल, याचा विचार केलेला बरा.

हवेचे तापमान मोजताना तापमापक कोठे टांगला होता, हेही महत्त्वाचे आहे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाल्यावर त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी गवताने शाकारलेल्या, बाजूंनी मोकळ्या छपरीत तापमापक ठेवण्याची पद्धत घालून दिली. पुढे १९२० च्या दशकात झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीचा, म्हणजे स्टीव्हन्सन पेटीचा वापर सुरू झाला. छपरीतील पारा आणि पेटीतील पारा एकाच दुपारी एकच आकडा दाखवीलच असे नाही. माप दोन्हीकडे फॅरेनहाइटच असल्याने हा फरक रूपांतराच्या कोष्टकात कधीच दिसत नाही.

अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांचा प्रश्न

कोकणातील उष्ण झरे उत्तरेस कोकनेरेपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी आढळतात. त्यांचे तापमान सुमारे ३४ ते ७१ अंश सेल्सिअस असून उन्हवरे येथील झरा त्यांत सर्वांत उष्ण आहे. पावसाचे पाणी बेसाल्ट खडकातील भेगांतून खोल झिरपते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते, असे त्यांचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. जागृत ज्वालामुखीशी त्यांचा संबंध नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात भारतातील या झऱ्यांची माहिती एकत्र आलेली आहे. १८८२ ची सूची आणि १९९१ चा संग्रह यांच्यात १०९ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात भिवंडी तालुक्यातील झरे निवाले, तापले की तसेच राहिले, हा भूविज्ञान आणि स्थानिक इतिहास या दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर देताना वरील सर्व पथ्ये एकत्र लागू होतात. ओल्डहॅम यांची सूची संकलनात्मक आहे. निरनिराळ्या निरीक्षकांनी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उपकरणांनी केलेल्या नोंदी तिच्यात एकत्र आल्या आहेत. त्यामुळे सूचीचे प्रकाशनवर्ष हे मोजमापाचे वर्ष धरता येत नाही. शिवाय एका गावात एकापेक्षा अधिक कुंडे आहेत आणि शेजारच्या दोन कुंडांतील पाण्याच्या उष्णतेत हाताला जाणवेल इतका फरक असतो. केवळ गावाचे नाव असलेली जुनी नोंद नेमक्या कोणत्या कुंडाची, हे ठरल्याशिवाय तुलना निरर्थक ठरते. पाणी जमिनीतून उगवते त्या तोंडाशी तापमापक धरला की स्नानाच्या हौदात धरला, यानेही काही अंशांचा फरक पडतो. पाण्याबाहेर काढून वाचलेला पारा वाचेपर्यंत उतरलेला असतो.

याशिवाय एक स्थानिक ऐतिहासिक घटना ध्यानात घ्यावी लागते. येथील काही झरे तानसा नदीच्या पात्रात आणि काठावर आहेत. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. १८८२ पूर्वीच्या नोंदी धरणापूर्वीच्या मुक्त नदीच्या काळातील आहेत, तर १८९२ नंतरच्या नोंदी अडविलेल्या नदीच्या काळातील. नदीचे थंड पाणी झऱ्यात किती मिसळते, हे पात्रातील पाण्याच्या पातळीवर आणि ऋतूवर अवलंबून असते. पावसाळ्यात केलेली एक नोंद आणि चैत्रात केलेली दुसरी नोंद यांतील फरक शतकाचा नसून ऋतूचा असू शकतो. दोन आकड्यांतील दोन-तीन अंशांची तफावत पाहून झरा निवाला किंवा तापला असे म्हणण्यापूर्वी पूर्णांकन, काचेचा दोष, कुंडाची ओळख, ऋतू आणि धरण या पाच गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो. त्यांची बेरीज वजा केल्यावर जे उरेल, तेवढेच भूगर्भाविषयी बोलते. पुष्कळदा काहीही उरत नाही, आणि तसे लिहिणे हाही एक निष्कर्षच असतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही मुद्दे निश्चित होतात. जुन्या तापमाननोंदीचा उपयोग करताना मूळ संख्या आणि मूळ माप कायम ठेवून रूपांतरित संख्या तिच्या शेजारी द्यावी, तिच्या जागी देऊ नये. मापाचे नाव नसेल तर ते कोणत्या आधारावर ठरविले हे नमूद करावे. तापमान आणि तापमानातील फरक यांची सूत्रे वेगळी ठेवावीत. मूळ मोजमापात नसलेली अचूकता दशांशाच्या रूपाने घालू नये. उपकरण, जागा, वेळ आणि ऋतू यांविषयी साधनात जे सांगितले असेल ते संख्येइतक्याच काळजीने नोंदवावे.

हे काम एका विद्याशाखेचे नाही. अकलोली आणि गणेशपुरी येथील कुंडांची वर्षभर, दर महिन्याला, उगमाच्या तोंडाशी आणि तपासलेल्या तापमापकाने केलेली मोजमापे पदार्थविज्ञान व भूगोल विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज करता येतील. गॅझेटियर, सूची आणि दप्तरखान्यातील कागद यांतून जुन्या नोंदींचा माग काढणे हे इतिहास विभागाचे काम आहे. कुलाबा आणि अलिबाग येथील निरीक्षकांनी दोन वर्षे दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवून पुढील पिढीसाठी सांधा तयार करून ठेवला. आज एखाद्या कुंडाचे नाव, महिना, उपकरण आणि माप स्पष्ट लिहून केलेली साधी नोंद हीही पुढील शतकातील अभ्यासकासाठी तसाच सांधा ठरेल.